पालक सभा नेमकी कशासाठी? आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आणि विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्याध्यापिका आणि विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य,

विषय : पुढील शैक्षणिक वर्षापासून वर्गवार पालक सभा बंद करण्याच्या निर्णयाबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात शाळेच्या मोबाइल गटावर आलेली सूचना मी तीन वेळा वाचली. येत्या जूनपासून प्रत्येक सत्रानंतर होणाऱ्या वर्गवार पालक सभा बंद होतील. जुलै महिन्यात पहिली ते सातवीच्या सर्व पालकांची एकच सभा सभागृहात घेतली जाईल. प्रगतिपुस्तक मोबाइलवर पाठवले जाईल. वर्गशिक्षकांना भेटायला शाळेने बोलावलेल्या पालकांनीच यावे. आणि जुलैच्या सभेला जे पालक गैरहजर राहतील त्यांच्या पाल्याला, पालक येऊन भेटेपर्यंत, वर्गात बसू दिले जाणार नाही, असे त्या सूचनेत म्हटले आहे. कारण एका वाक्यात दिले आहे : पालक सभांना उपस्थिती कमी असते आणि त्यांतून काही निष्पन्न होत नाही.

काही निष्पन्न होत नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु ते का होत नाही याचा शोध न घेता सभाच बंद करणे मला मान्य नाही. या विषयावर मी कार्यालयात दिलेल्या अर्जाला उत्तर मिळालेले नाही आणि हा प्रश्न आमच्या एका शाळेपुरताही नाही, म्हणून हे पत्र सर्वांनी वाचावे अशा रीतीने लिहीत आहे.

माझा या शाळेशी संबंध दुहेरी आहे. माझा मुलगा आपल्याकडे चौथीत शिकतो आणि मी स्वतः पहिली ते सातवी याच शाळेत शिकले. आमच्या घरी तेलुगू बोलली जाते. माझी आई विड्या वळत असे; हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय तिचा दिवस संपत नसे आणि रात्री पाने कापून देण्याचे काम आम्हा मुलींकडे असे. आई शाळेच्या एकाही सभेला आली नाही, कारण सभेच्या वेळी ती कारखान्यात विड्या मोजून देण्याच्या रांगेत उभी असायची. मी चौथीत असताना गृहपाठ वारंवार अपुरा राहू लागला, तेव्हा आमच्या वर्गशिक्षिका एका संध्याकाळी आमच्या घरी आल्या. उंबऱ्याजवळ बसून त्यांनी मोडक्यातोडक्या तेलुगूत आईशी अर्धा तास बोलणे केले. मी रात्री दहापर्यंत पाने कापते हे त्यांना त्या दिवशी कळले, आणि मी वर्गात डुलक्या घेते हे आईला त्या दिवशी कळले. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी माझा गृहपाठ शाळा सुटण्यापूर्वीच्या तासाला वर्गातच करून घ्यायला सुरुवात केली आणि आईने माझे पाने कापणे आठ वाजता थांबवले. त्या भेटीत गुणांचा विषय निघालाच नव्हता. शिक्षक आणि पालक कशासाठी भेटतात, हे मला त्या अर्ध्या तासाने शिकवले आहे आणि आजच्या सभा मी त्याच मापाने मोजते.

आता माझ्या मुलाविषयी. तिसरीपर्यंत त्याच्या प्रगतिपुस्तकात बहुतेक विषयांना अ-२ श्रेणी असे. चौथीच्या पहिल्या सत्रात ती ब-२ वर आली. दिवाळीनंतरच्या सभेत आमची पाळी आली तेव्हा बाई म्हणाल्या, ‘सूचनांकडे लक्ष देत नाही. श्रुतलेखनात फार चुका करतो. घरी तेलुगू बोलता ना, थोडे मराठी बोलत चला.’ मी म्हणाले, ‘हो बाई, सांगते त्याला.’ माझ्या मागे सात-आठ पालक उभे होते. मी सही केली आणि निघाले.

पुढचे दोन महिने आम्ही घरी त्याला रागावत राहिलो. जानेवारीत त्याला पुन्हा मोठी सर्दी झाली आणि कान दुखू लागला, म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी श्रवण चाचणी केली तेव्हा समजले की दोन्ही कानांच्या पडद्यांमागे द्रव साचला आहे आणि त्याला बरेच कमी ऐकू येते आहे, बहुधा पावसाळ्यातल्या सर्दीपासूनच. लहान मुलांमध्ये ही तक्रार नेहमी आढळते, ऐकू येणे एखाद्या दिवशी बरे तर एखाद्या दिवशी वाईट असते आणि त्यामुळे मूल दुर्लक्ष करते आहे असाच सर्वांचा समज होतो, असे डॉक्टरांनी सांगितले. उपचार सुरू आहेत आणि तो सुधारतो आहे.

या प्रसंगाचा दोष मी वर्गशिक्षिकांवर ठेवत नाही, हे स्पष्टपणे लिहिते. त्यांना एक गोष्ट ठाऊक होती : फळ्यावरून उतरवून घेताना हा मुलगा एकही चूक करत नाही, श्रुतलेखनात मात्र शब्दच्या शब्द गाळतो. मला दुसरी गोष्ट ठाऊक होती : हा दूरदर्शन संचाचा आवाज वाढवतो, स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ देत नाही, समोर जाऊन बोलले की लगेच ऐकतो. शिवाय मला हेही ठाऊक होते की घरी तेलुगू तेव्हाही होती आणि तिसरीत याच मुलाला श्रुतलेखनात पैकीच्या पैकी गुण मिळत होते. या तीन गोष्टी एका टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या असत्या, तर कानाची तपासणी करावी हे कोणाही शहाण्या माणसाला सुचले असते. त्या ठेवण्यासाठी दहा मिनिटे लागली असती. आम्हाला तीनही मिळाली नाहीत, आणि माझ्या मुलाने जानेवारीपर्यंत ज्या गोष्टीसाठी बोलणी खाल्ली ती त्याच्या हातातली नव्हती.

म्हणून ‘निष्पन्न होत नाही’ या आपल्या वाक्यामागची कारणे मी क्रमाने मांडते.

पहिले कारण वेळेचे आहे, आणि ते साध्या गणिताचे आहे. आमच्या तुकडीत ५४ मुले आहेत. सभा शनिवारी सकाळी अकरा ते दीड, म्हणजे १५० मिनिटे. सर्व पालक आले तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटेही येत नाहीत, आणि प्रत्यक्षात तेवढीही येत नाहीत, कारण पहिला तास प्रास्ताविक, शुल्काच्या थकबाकीची आठवण, गणवेशाचा नवा रंग आणि स्नेहसंमेलनाची वर्गणी यांत जातो. मागील वर्षी एका खासगी शिकवणीच्या प्रतिनिधीने चाळीस मिनिटे पडद्यावर आपल्या वर्गांची माहिती दाखवली. मजुरी बुडवून आलेल्या माणसांना शाळेने जाहिरात पाहायला बसवावे, याचे मला तेव्हाही वाईट वाटले होते.

दुसरे कारण उपस्थितीचे. आपण ती कमी आहे म्हणता, पण कोणाची कमी आहे हे हजेरीपटावरून पाहिले आहे का? आमच्या वर्गातील कित्येक वडील सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर असतात. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतून काही आया दोन वाहने बदलून शहरात येतात. त्यांच्यासाठी शनिवारचे अकरा म्हणजे एका दिवसाची मजुरी. मी एका कारखान्यात हिशेब लिहिते. मला अर्ध्या दिवसाची रजा मिळते, त्यांना मिळत नाही. जे येत नाहीत त्यांना मुलांची काळजी नाही, असे शाळेत सहज बोलले जाते. माझी आई त्या न येणाऱ्यांतली होती. तिला काळजी होती की नाही, हे मी जाणते.

तिसरी गोष्ट सांगताना मला त्रास होतो. नोव्हेंबरच्या सभेत सर्व पालकांसमोर आणि काही मुलांसमोर चाचणीचे गुण मोठ्याने वाचले गेले. ज्या मुलाला सर्वांत कमी गुण होते त्याच्या आजी सभेला आल्या होत्या. त्यांना मराठी नीट येत नाही, पण आपल्या नातवाचे नाव आणि त्यानंतरचे हसणे त्यांना बरोबर समजले. त्या पदराने तोंड झाकून बाहेर गेल्या आणि पुढे टेबलापर्यंत आल्याच नाहीत. उपस्थिती कमी का होते, याचे उत्तर त्या दिवशी आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोरून चालत बाहेर गेले. मुलाची उणीव हा त्या मुलाचा, त्याच्या घराचा आणि शिक्षकांचा आपसांतला विषय आहे. ती चारचौघांत वाचून दाखवल्याने कोणतेही मूल आजवर बेरीज शिकलेले नाही.

चौथे, प्रगतिपुस्तकातील वर्णनात्मक नोंदी. माझ्या मुलाच्या पुस्तकात ‘सूचनांकडे लक्ष द्यावे, अक्षर सुधारावे’ असे लिहिले आहे. आमच्याच गल्लीतील आणखी दोन मुलांच्या पुस्तकांत शब्दशः तेच वाक्य आहे, आणि त्यांतील एका मुलीचे अक्षर तर छापल्यासारखे सुंदर आहे. ५४ मुलांच्या नोंदी काही दिवसांत पूर्ण करायच्या म्हटल्यावर शिक्षकांनी आणखी काय करावे? परंतु अशी नोंद आता मोबाइलवर येणार आणि तिच्याविषयी विचारायला समोर कोणी नसणार, हीच आपल्या नव्या व्यवस्थेची मोठी अडचण आहे. वर्गात कित्येक घरी एकच मोबाइल आहे आणि तो वडिलांसोबत पाळीवर जातो, हे निराळेच.

पाचवे, ‘शाळा बोलावील त्यांनीच यावे’ हा नियम. शाळा कोणाला बोलावील? जे मूल मारामारी करते, जे नापास होण्याच्या बेतात आहे, ज्याचे शुल्क थकले आहे. ब-२ श्रेणी मिळवून गप्प बसणाऱ्या मुलाला कोणीही बोलावणार नाही. माझा मुलगा त्या यादीत कधीच आला नसता. बिघाड मोठा होईपर्यंत थांबून मग पालकांना बोलावायचे, तर त्या भेटीला पालक आरोपीसारखे येतात आणि शिक्षक तक्रारदारासारखे बसतात. अशा भेटीत घरातली खरी गोष्ट कोणी सांगत नाही.

या सगळ्यात शिक्षकांची बाजू माझ्या ध्यानात आहे. वर्ग मोठे आहेत, माहिती भरण्याची कामे वाढत आहेत, निवडणुकीचे काम आले की वर्ग सोडून जावे लागते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी सर्वसाधारणपणे ३० मुलांमागे एक शिक्षक असावा असे प्रमाण दिले आहे आणि आमच्या बाई ५४ मुले सांभाळतात. शिक्षकांचा भार कमी करण्याची मागणी आपण शासनाकडे कराल, तर निवेदनावर पहिली सही माझी असेल. परंतु तो भार पालकांची भेट कापून हलका करू नका, कारण नेमकी तीच गोष्ट शिक्षकाचे काम सोपे करते.

आता कायद्याविषयी, थोडक्यात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातील प्रगती आणि मुलाविषयीची इतर आवश्यक माहिती देणे हे एक कर्तव्य आहे. पहिली ते सातवीच्या हजारभर पालकांना सभागृहात एकदा बसवणे म्हणजे त्यांतील कोणत्या मुलाची प्रगती सांगणे होईल? त्याच कायद्याचे कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करते. आई कामावर गेली म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला वर्गाबाहेर उभे करणे हा मानसिक त्रास नव्हे, असे आपल्यापैकी कोणी म्हणू शकेल असे मला वाटत नाही. कलम २१ नुसार आपल्यासारख्या अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे; तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. या निर्णयावर त्या समितीत चर्चा झाली का? सूचनेत तसा उल्लेख नाही. समितीतील पालक प्रतिनिधी कोण आहेत, हे मी विचारलेल्या अकरा पालकांपैकी एकालाही सांगता आले नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडताना, ते घर आणि शाळा यांना जोडणारा दुवा असेल आणि त्याच्या जोडीला पालक-शिक्षक सभा असतील, असे म्हटले आहे. आपण प्रगतिपत्रक ठेवले आणि जोडीची सभा काढून टाकली.

या पार्श्वभूमीवर माझ्या मागण्या अशा आहेत.

१. वर्गवार पालक सभा बंद करण्याचा निर्णय मागे घ्यावा, आणि गैरहजर पालकांच्या मुलांना वर्गात न बसू देण्याची अट तत्काळ, लेखी स्वरूपात रद्द करावी. ही अट रद्द करण्यासाठी जूनची वाट पाहू नये.

२. वर्षातून दोनदा प्रत्येक पालकाला वर्गशिक्षकांची दहा मिनिटांची स्वतंत्र भेट मिळावी. ५४ पालकांसाठी ५४० मिनिटे, म्हणजे नऊ तास लागतात. ते एका दिवसात होणार नाही, परंतु तीन दिवसांत रोज १८ पालक असे तीन तास बसल्यास होते. पहिली फेरी ऑगस्टमध्ये घ्यावी, म्हणजे लक्षात आलेल्या गोष्टीवर काही करायला वर्ष शिल्लक राहते. दुसरी, गड्डा यात्रा म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा उरकल्यावर, जानेवारीच्या अखेरीस घ्यावी. त्या दिवसांत शिक्षकांना इतर काम देऊ नये आणि जादा वेळेच्या बदल्यात रजा द्यावी.

३. तीन दिवसांपैकी एक दिवस रविवारचा आणि एक संध्याकाळी सहानंतरचा असावा. पालकांना आपली वेळ आधी निवडता यावी. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी मुलाच्या डायरीतून चिठ्ठी पाठवावी.

४. गुणांचे जाहीर वाचन पूर्णपणे थांबवावे. शुल्क, गणवेश, सहल, वर्गणी यांची माहिती लेखी द्यावी आणि बाहेरच्या कोणत्याही शिकवणीला किंवा विक्रेत्याला सभेत बोलू देऊ नये.

५. भेटीत आधी पालकाने बोलावे. घरी मूल कसे वागते, कधी झोपते, कोणासोबत असते, त्याला काय आवडते, अलीकडे काय बदलले, आजारपण झाले का, हे शिक्षकांनी विचारावे आणि दोन ओळींत नोंदवून ठेवावे. ती नोंद पुढच्या वर्षीच्या वर्गशिक्षकांकडे जावी. आज मूल चौथीतून पाचवीत जाताना त्याच्याबरोबर श्रेणी जाते, बाकी जे कळले ते मागच्या बाईंच्या मनातच राहते.

६. तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या पालकांसाठी भेटीच्या वेळी दुभाषी असावा. सोलापुरात त्यासाठी बाहेर शोधायला जावे लागत नाही. आपल्याच शिक्षकांत, शिपाई मामांत आणि पालकांत या भाषा जाणणारी माणसे आहेत. मुलाने स्वतःच्या तक्रारीचे भाषांतर स्वतःच आईला करून सांगावे, असे होऊ नये.

७. ज्या घरातून दोन्ही फेऱ्यांना कोणीच येऊ शकले नाही, तिथे वर्षातून एकदा शिक्षकांनी गृहभेट द्यावी आणि तिचा प्रवासखर्च संस्थेने उचलावा. अशी घरे एका वर्गात फार नसतात.

८. शाळा व्यवस्थापन समितीच्या पालक सदस्यांची नावे फलकावर लावावीत आणि सभांविषयीचा कोणताही बदल त्या समितीपुढे ठेवूनच करावा.

सह-पालकांनाही या पत्रातून एक विनंती आहे. आपणही टेबलापुढे बसल्यावर ‘किती मार्क मिळाले’ आणि ‘पहिला कोण आला’ एवढेच विचारतो. शिक्षकांनी तक्रार केली की तिथेच मुलाच्या पाठीत धपाटा घालतो. वडील मंडळी सभेला जाणे हे आईचे काम समजतात आणि निकाल वाईट आला की आईलाच जाब विचारतात. शाळेकडून दहा मिनिटे मागताना त्या दहा मिनिटांत आपण काय सांगणार आणि काय विचारणार, याचा विचार आपण घरून करून जायला हवा. नोव्हेंबरमध्ये मी तो केला नव्हता.

माझ्या मुलाच्या श्रवण चाचणीचा अहवाल मी वर्गशिक्षिकांना दाखवला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी त्याची जागा पहिल्या बाकावर केली आणि श्रुतलेखन घेताना त्या त्याच्यासमोर उभ्या राहू लागल्या. सांगितल्यावर इतक्या तत्परतेने वागणारे शिक्षक आपल्या शाळेत आहेत. त्यांच्यापर्यंत पालकांचे बोलणे पोहोचू द्यावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

पहिल्या फेरीच्या तिन्ही दिवशी तेलुगू दुभाषी म्हणून आणि वेळापत्रक सांभाळण्यासाठी मी विनामूल्य उपस्थित राहीन. माझ्याबरोबर येण्यास आणखी चार पालक तयार आहेत. आमची नावे कार्यालयातील अर्जासोबत दिलेली आहेत. वार्षिक निकालापूर्वी आपण या पत्राला लेखी उत्तर द्यावे आणि त्याआधी एकदा आम्हा पालकांना भेटीची वेळ द्यावी, ही विनंती. ती वेळ शक्यतो संध्याकाळी सहानंतरची असावी.

आपली,
इयत्ता चौथीतील एका विद्यार्थ्याची आई आणि शाळेची माजी विद्यार्थिनी,
सोलापूर